तीन नंबरची मोटर

माझा ड्रोन मला एका लग्नात मिळाला. चुलत नणंदेचं लग्न होतं, चौक गावाजवळच्या एका हॉलमध्ये. नवरा-नवरी बाहेरच्या अंगणात आली, वरून पाकळ्या पडायला लागल्या आणि ते वरून टिपणारा व्हिडिओवाल्याचा ड्रोन आंब्याच्या फांदीला धडकून फरशीवर आपटला. त्याचा एक हात मोडला आणि कॅमेरा वायरीवर लोंबत राहिला. व्हिडिओवाला घाईत होता. त्याने तो उचलून एका खुर्चीवर ठेवला आणि दुसरा काढून कामाला लागला.

जेवणं आटोपल्यावर मी त्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिले. मी खोपोलीतल्या एका कारखान्यात उपकरण विभागात काम करते. दाब आणि तापमान दाखवणारे काटे खरं सांगतात की नाही हे तपासायचं, बिघडले असतील तर उघडून दुरुस्त करायचे, हे माझं रोजचं काम. मोडलेली वस्तू दिसली की ती आतून कशी असेल हे मला बघावंसं वाटतं.

"दुरुस्त करणार का याला?" मी त्याला विचारलं.

"कसला दुरुस्त, ताई. जुनाच होता. सुट्या भागांसाठी ठेवीन."

"मला देता का?"

त्याने माझ्याकडे, मग माझ्या पैठणीकडे पाहिलं. पण दिला. पेटीत घालून, बॅटऱ्या आणि रिमोटसकट अगदी स्वस्तात दिला. घरी येताना स्कूटरवर मी ती पेटी मांडीवर घेऊन बसले होते. माझे मिस्टर टेंपो चालवतात, लोधिवलीत आमचं घर आहे. ते वाटेत एवढंच म्हणाले, "आहेराचं देऊन आलो आनि भंगार घेऊन आलो."

तो हात बसवायला मला दोन महिने लागले. नवा हात मागवला, तीन बारीक तारा डाग देऊन जोडल्या, कॅमेऱ्याच्या वायरीची फाटलेली पट्टी बदलली. पहिल्यांदा तो आमच्या ओट्यावरून वर उठला आणि डोक्याएवढ्या उंचीवर थांबला तेव्हा मिस्टर घरातून बाहेर आले. थोडा वेळ बघत राहिले. "आता हाय तिथंच ठेव," म्हणाले. "पुढं नको जाऊ."

मी पुढे गेले. भात कापून झालेल्या शेतांत दर रविवारी सकाळी मी उडवायला जायचे. आधी मोबाइलवरच्या सरकारी नकाशात आपला भाग हिरवा, म्हणजे उडवायला मोकळा, आहे ना ते बघायचं, मग निघायचं. ड्रोनची नोंदणी करून घेतली, त्याचा क्रमांक पाठीवर चिकटवला. प्रत्येक उड्डाण वहीत लिहायला लागले, कारण कारखान्यात प्रत्येक यंत्राचे चाललेले तास लिहिलेले असतात आणि त्यावरूनच त्याची तेलपाण्याची वेळ ठरते. ड्रोनही यंत्रच. कुठली बॅटरी कितीदा भरली, पंखे कधी बदलले, किती वेळ हवेत होता, हे लिहिलं नाही तर फक्त अंदाज राहतो.

कर्जतकडे एका मळ्यात हौशी लोकांचा एक गट सुट्टीच्या दिवशी जमतो. तिथे मी काही वेळा गेले. सगळे पुरुष, बहुतेक मुंबई-पुण्याचे. तिथे ओळख करून देतानाच माणूस आपले उडवण्याचे तास सांगतो. माझे तास ऐकून कोणी हसलं नाही, पण पुढे कोणी विचारलंही नाही. मी त्यांचं उडवणं नीट पाहिलं. बरेचसे उंच जायचे, धरणाचं पाणी टिपायचे, परत यायचे. आकडा वाढायचा. मला वाटलं, असे तास मला नकोत. मग मी अवघड गोष्टी निवडल्या. ड्रोनचं तोंड आपल्याकडे असलं की डावं-उजवं उलटं होतं. तसंच ठेवून विजेच्या खांबाभोवती फेरा मारायचा. उपग्रहाची मदत बंद करून वाऱ्यात एका जागी धरायचा. दोन झाडांच्या मधून मागे मागे आणायचा. अशी एक बॅटरी संपली की खांदे भरून यायचे. त्या वर्षी दोनदा तो पेंढ्याच्या उडवीत गेला, एकदा बांधावर आपटला. प्रत्येक वेळी घरी येऊन मी तो उघडला.

पावसाळ्यात उडवणं बंद असायचं, पण देखभाल बंद नसायची. आमच्याकडे त्या चार महिन्यांत कपाटातल्या पट्ट्यालाही बुरशी येते. मी तो घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या पुड्यांबरोबर ठेवायचे. बॅटऱ्या अर्ध्याच्या थोड्या वर भरून ठेवायच्या, महिन्यातून एकदा काढून बघायच्या. एक बॅटरी पोटात किंचित फुगलेली दिसली. चालत होती, तरी ती मी बाद केली. मिस्टर म्हणाले, "चालते ना? मग?" मी म्हटलं, "तुमच्या टेंपोचा टायर फुगला तर तुम्ही चालवाल का?"  पुढच्या महिन्यात डबा त्यांनीच माळ्यावरून काढून दिला.

माझं माहेर कर्जत तालुक्यात, माथेरानच्या डोंगराच्या पायथ्याशी आहे. आमची वस्ती लहान, सगळी बौद्ध घरं, मधोमध विहार आणि विहाराशेजारी पाण्याची टाकी. डोंगराच्या कड्याखाली एक झरा आहे. तिथून घळीतून काळा पाइप खाली टाकीपर्यंत आणलेला आहे. मी लग्न होऊन गेले त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात वस्तीने श्रमदानाने तो टाकला. माझ्या वडिलांनीही त्यात खांदा दिला होता. विजेचा पंप नाही, बिल नाही. पाणी आपलं आपण उतरून येतं.

या वेळच्या पावसात त्या घळीत दरड आली. पाऊस उघडला, नवरात्र झालं आणि टाकीतलं पाणी हळूहळू कमी होत एके दिवशी बंद झालं. पाइप दरडीखाली तुटला असणार, असं सगळ्यांनी धरलं. तो शोधायला वस्तीतले काही जण घळीत चढले. दरडीची माती अजून मोकळी होती. त्यातला एक पन्नाशीचा गडी घसरून खाली आला आणि त्याचा पाय मोडला. त्याला झोळीत घालून आणावं लागलं. त्यानंतर घळीत चढायचं कोणी नाव काढेना, आणि बायका खालच्या विहिरीवरून हंडे आणायला लागल्या. माझी आईसुद्धा.

माझ्या धाकट्या भावाचा फोन आला. तो माथेरानला एका हॉटेलात स्वयंपाकी आहे, रोज पायवाटेने वर जातो आणि उतरतो. तो म्हणाला, "ताई, तुझं ते यंत्र घेऊन ये. पाइप कुठं तुटलाय ते वरून बघ. म्हनजे निदान नक्की कळंल, आनि कुनाला उगाच चढायला नको."

"वनखात्याच्या माणसाला विचार आधी," मी म्हटलं. "तिकडचा अर्धा डोंगर त्यांचा आहे."

त्याने विचारलं. त्या माणसाने माथ्यावर जायचं नाही, घळीपुरतंच उडवायचं, असं सांगून होकार दिला.

रविवारी सकाळी मी आणि मिस्टर तिथे पोचलो तर विहारासमोर जत्रेसारखी माणसं. जयभीम, जयभीम करत सगळे भोवती जमले. विहाराच्या पायरीवर माझी आई बसली होती, कोरं लुगडं नेसून. शेजारी माझी भावजय. वस्तीतले सगळे ज्यांना मानतात ते काका, पूर्वी पंचायतीत होते, त्यांनी माझ्यासाठी खुर्ची मांडून ठेवली होती. मी मुलांना मागे सारून पेटी उघडली आणि नेहमीसारखी तपासणी सुरू केली. पंख्यांना चीर नाही. बॅटरी नीट बसली. मग प्रत्येक मोटर बोटाने हलकेच फिरवून बघायची. एक नंबर, दोन नंबर, सुळकन फिरल्या. तीन नंबर, डावीकडची मागची, फिरताना बोटाला किंचित खरखर लागली.

मी पुन्हा फिरवली. कान जवळ नेला. दळणात खडा आल्यासारखं, पण फार बारीक. चार नंबरची फिरवून पाहिली, ती गुळगुळीत. परत तीन नंबर. खरखर होतीच.

मी पंखे मिटले आणि पेटीत ठेवायला लागले.

"काय झालं?" भाऊ म्हणाला.

"आज उडवत नाही. एका मोटरचं बेअरिंग खराब आहे."

"फिरतंय की."

"फिरतंय. पण घळीत फिरायचं थांबलं तर तो तिथेच पडेल. ड्रोन जाईल आणि पाइपही दिसणार नाही. आणि इथे कुणाच्या डोक्यावर पडला तर?"

काका खुर्चीला हात टेकून उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "बाय, दोन मिन्टांचं तर काम हाय. एवढी मानसं सकाळपासून थांबलीत. बायका हंडे वाहून मेल्या. एक चक्कर मार, काय व्हायचं ते हुईल."

मला त्यांचा राग आला नाही. त्यांनी मला लहानपणापासून पाहिलेलं, आणि ते खोटं काहीच बोलत नव्हते. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे होती. एक चक्कर मारली असती तर कदाचित काही झालंही नसतं, हे मलाही कळत होतं. पण कारखान्यात मी रोज हेच काम करते. काटा संशयाचा वाटला तर मी त्यावर सही करत नाही, मग फोरमन कितीही खोळंबो. इथे गावाची माणसं होती म्हणून सही करायची, हे मला जमेना.

"काका, पुढच्या रविवारी येते," मी म्हटलं. "मोटर बदलून येते."

 माणसं हळूहळू पांगली. काकांनी स्वतः खुर्ची उचलून आत नेली, ते मला जास्त लागलं. एका बाईने जाता जाता दुसरीला, "एवढं थाटात आनलं आनि," असं म्हटलेलं मी ऐकलं.

जेवताना आई माझ्याशी बोलली नाही. भांडी घासायला बसलो तेव्हा म्हणाली, "घरात येऊन सांगायचं व्हतंस. लोकांसमोर नाय म्हनायची काय गरज व्हती तुला? तुजा बाप असता तर..."

"बाबांनी काय केलं असतं?"

तिने हातातलं पातेलं पालथं घातलं. "त्यानं पन नायच म्हटलं असतं," ती म्हणाली. "पन मी त्याला पन हेच बोलले असते."

घरी येऊन त्याच संध्याकाळी मी मोटर उघडली. बेअरिंगमध्ये तांबडी, पिठासारखी धूळ होती. आदल्या आठवड्यात मी खळ्यावर, झोडणी चालू असताना सरावाला गेले होते आणि तिथल्याच जमिनीवर ड्रोन उतरवला होता. धूळ मी वरून पुसली होती, पण आत गेलेली दिसली नव्हती. त्या दिवशी मी एका जुन्या निवडणुकीच्या फ्लेक्सचा कोरा तुकडा कापला. त्याच्या चार कोपऱ्यांत खडे शिवून घेतले. तेव्हापासून ड्रोन त्या फ्लेक्सवरूनच उठतो आणि त्यावरच उतरतो.

नवी मोटर मिळवणं सोपं नव्हतं. त्या जातीचा ड्रोन आता बनतच नाही. एका दुकानदाराने आहे म्हणून पाठवली ती दुसऱ्याच बाजूची निघाली, उलटी फिरणारी. मी परत पाठवली. मग त्या मळ्यातल्या गटाच्या व्हॉट्सॲपवर विचारलं. ज्या गृहस्थांशी माझं दोन वाक्यांपलीकडे कधी बोलणं झालं नव्हतं, त्यांनी आपल्या बाद ड्रोनची मोटर काढून शनिवारी खोपोली स्टेशनवर माझ्या हातात दिली. "डाग देताना फार वेळ गरम धरू नका, आतल्या तारांवरचा लाखेचा थर जातो," एवढं सांगून ते लगेच परतीच्या गाडीत बसले.

त्या दुपारी मी तारा जोडल्या. मिस्टरांनी भिंग धरलं. मग आम्ही शेतात गेलो आणि आख्खी एक बॅटरी संपेपर्यंत मी ड्रोन फक्त कमरेएवढ्या उंचीवर ठेवला, पुढे-मागे, डावीकडे-उजवीकडे नेला. खाली आणून चारही मोटरींना हात लावून बघितला. सगळ्या सारख्याच कोमट होत्या. तेव्हा मी वहीत 'ठीक' लिहिलं.

दुसऱ्या रविवारी विहारासमोर पाच-सहाच माणसं होती. काका होते. खुर्ची नव्हती. मला ते बरंच वाटलं. आम्ही मुद्दाम उजाडताच पोचलो होतो, कारण ऊन चढलं की त्या घळीतून वारा वर उसळतो. भावजयीने फ्लेक्स अंथरला. मिस्टरांना मी सांगितलं, "तुम्ही स्क्रीनकडे बघायचं नाही. फक्त ड्रोनकडे बघायचं. कड्याच्या जवळ जातोय वाटलं की सांगायचं."

"आनि पाइप?"

"पाइप आम्ही बघतो."

भाऊ माझ्या खांद्यावरून स्क्रीन बघत होता. टाकीपासून पाइप दिसत होता, काळी रेघ, मधेच झुडपात जायची, पुढे निघायची. दरडीपाशी पोचलो. सगळ्यांनी तिथे पाइप तुटलेला धरला होता. मी ड्रोन खाली घेतला, हळूच पुढे सरकवला. दरडीच्या मातीवरून पाइप दोरीसारखा लोंबत होता. ताणलेला होता, पण अखंड होता.

"तुटला नाय," भाऊ म्हणाला. "मग पाणी कुठं गेलं?"

मी आणखी वर गेले. घळ अरुंद होत गेली. दोन्ही बाजूंनी कातळ आणि ओलं गवत. पाइप एका उंबराच्या मुळांखाली शिरला आणि दिसेना. तेवढ्यात बॅटरी मी ठरवलेल्या खुणेवर आली. तिथे पोचली की परत फिरायचं, हे माझं ठरलेलं असतं.

"जरासं पुढं, ताई. तिथंच असंल."

"परत आणते."

"आगं, थोडंच..."

"आणते म्हटलं ना."

ड्रोन आला, फ्लेक्सवर उतरला. मी बॅटरी बदलली, मोटरींना हात लावला, पंखे पाहिले. काका जवळ येऊन बघत होते. 

दुसऱ्या खेपेला मी मधे न थांबता सरळ उंबरापर्यंत नेला. मुळांच्या वरच्या बाजूने पाइप परत निघालेला होता. त्याच्या मागे मागे, चालीच्या वेगाने गेले. मिस्टर म्हणाले, "उजवीकडं खडक जवळ हाय." मी डावीकडे घेतला. मुळांची वरची बाजू बघायला ड्रोनचं तोंड मी माझ्याकडे वळवलं होतं, म्हणजे रिमोटची काठी उजवीकडे ढकलायची. बोटांनी ते विचार न करता केलं.

झऱ्याच्या जरा खाली कातळाची एक पट्टी आहे, ओट्यासारखी. तिथे पाइपाचा सांधा निखळला होता. वरच्या तुकड्यातून पाणी जोरात बाहेर पडत होतं आणि पट्टीवरून पलीकडच्या नाल्यात उतरत होतं. नाल्याच्या त्या बाजूला गवत हिरवंगार होतं, बाकीचा डोंगर पिवळा पडायला लागला असताना. दरडीचा तिथे काही संबंधच नव्हता. एक वाळकी फांदी सांध्यावर पडलेली दिसत होती.

भाऊ स्क्रीनला जवळजवळ नाक लावून बघत होता. "थांब, थांब. तो पांढरा दगड दाखव." मी कॅमेरा वळवला. "आगं, ही तर आमची पायवाट. रोजची. या दगडापाशी आमी दम खातो. इथून त्या ओट्यावर आडवं जाता येतं, गुराखी जातात. घळीत शिरायचं कामच नाय."

मी ड्रोन तिथे तसाच धरून ठेवला. त्याने पट्टी नीट पाहिली, कुठून पाय ठेवायचा ते ठरवलं. मग मी परत आणला. उतरल्यावर माझ्या बोटांना घाम आला होता, तो मी पदराला पुसला.

वस्तीतले चौघे दुसऱ्याच दिवशी गेले, भावाबरोबर, माथेरानच्या पायवाटेने. दोरी, नवा सांधा आणि तो आवळायचे दोन पाने घेऊन. जाताना पाय मोडलेल्या त्या गड्याने दारातून त्यांना ओरडून सांगितलं की घळीकडे फिरकू नका. दुपारी कारखान्यात असताना भावाचा फोन आला. फोनवर आधी नुसता टाकीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज आला. मग तो म्हणाला की आधी गढूळ पाणी आलं, बेडूक आला, आता साफ येतंय. आईला फोन दे म्हटलं. आई म्हणाली, "व्हय, आलं. तू जेवलीस का?"

दिवाळीनंतर काका भेटले तेव्हा त्यांनी दोन भावांमधल्या बांधाच्या भांडणासाठी वरून फोटो काढून देशील का, असं विचारलं. मी नाही म्हटलं; भावाभावांच्या भांडणात ड्रोन नको. ते हसले आणि म्हणाले, "तुजं 'नाय' आता आमाला म्हाईत झालं." पण पाइपाची तपासणी दर वर्षी पाऊस उघडल्यावर करायची, हे मात्र त्यांनीच वस्तीच्या बैठकीत ठरवून टाकलं.

भावजयीने मला त्याच दिवशी स्वयंपाकघरात गाठलं. "ताई, मला शिकवाल का? दर वेळी तुमी लोधिवलीवरनं कशा येनार?"

मी हो म्हटलं. आता ती महिन्यातून दोन रविवार माझ्याकडे येते. पहिल्या रविवारी मी तिच्या हातात रिमोट दिला नाही. बाद झालेली ती तीन नंबरची मोटर आणि बारीक स्क्रू काढायचा पेचकस दिला. ओट्यावर वर्तमानपत्र पसरून ती दुपारभर बसली, मोटर उघडली, बेअरिंग काढलं, धुतलं, परत बसवलं. पहिल्यांदा एक चकती उरली. तिने पुन्हा सगळं सुटं केलं.